हर्नांडेझचं काळं आकाश

वर्गाच्या पहिल्या दिवशी मी एक फोटो पडद्यावर लावतो आणि एवढंच विचारतो, की हा किती वाजता काढला असेल. अर्ध्याहून जास्त चित्र म्हणजे काळंभोर आकाश. त्यात लिमलेटच्या गोळीएवढा चंद्र. खाली ढगांचा पांढरा पट्टा, त्याखाली बर्फ पडलेले डोंगर, आणि अगदी तळाशी एक निजलेलं खेडं. मातीची घरं, छोटं चर्च, शेजारच्या दफनभूमीत पांढरे चमकणारे क्रूस. उत्तरं ठरलेली असतात. रात्री नऊ. साडेदहा. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘कोजागिरी, बाराचा सुमार.’ चुकलीच ती, पण फोटो तिला बरोबर पोचला होता.

खरी वेळ दुपारची चार वाजून एकोणपन्नास मिनिटं, वीस सेकंद. तारीख १ नोव्हेंबर १९४१. सूर्य अजून मावळलेला नव्हता. क्रूस चमकतात ते उन्हाने, आणि आकाश तेव्हा काळं मुळीच नव्हतं. मग हे काळं कुठून आलं, हाच या प्रकरणाचा विषय. माझ्या मते हा फोटो त्या एका सेकंदात निघाला असं म्हणणं अपुरं आहे. त्याला पुढची तीसेक वर्षं लागली.

फोटोचं नाव ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’. काढणारा ॲन्सेल ॲडम्स, जन्म १९०२, सॅन फ्रान्सिस्को. आधी पियानो वाजवायचा, आयुष्य त्यातच काढायचं असं ठरवलेला माणूस. पुढे कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या डोंगरांनी त्याला कॅमेऱ्याकडे ओढलं. १९४१च्या त्या शरद ऋतूत तो अमेरिकन सरकारच्या गृहखात्यासाठी राष्ट्रीय उद्यानांचे फोटो काढत हिंडत होता. (तिकडचं गृहखातं म्हणजे पोलीस नव्हे, जमीन, जंगलं, उद्यानं हे त्याचं काम.) वॉशिंग्टनच्या इमारतीत भिंतभर मोठे फोटो लावायची योजना होती. या फोटोनंतर पाच आठवड्यांनी पर्ल हार्बर झालं, अमेरिका युद्धात उतरली, आणि ती योजना गुंडाळली गेली.

त्या दिवशी गाडीत तिघं होते. ॲडम्स, त्याचा आठ वर्षांचा मुलगा मायकेल, आणि मित्र सेड्रिक राइट, हा व्हायोलिन वाजवणारा आणि फोटोही काढणारा. चामा नदीच्या खोऱ्यात दिवसभर खटपट केली होती, हाती मनासारखं काही लागलं नव्हतं. सांता फेकडे परत निघाले. वाटेत डाव्या हाताला हर्नांडेझ दिसलं. पूर्वेला चंद्र वर आलेला, पश्चिमेला सूर्य ढगांच्या कडेशी टेकलेला, आणि त्याचा शेवटचा तिरपा उजेड नेमका त्या क्रूसांवर. ॲडम्सने गाडी अशी वळवून थांबवली की ती खड्ड्यात जाता जाता राहिली.

आता त्याच्याकडे कॅमेरा कुठला होता ते बघा, कारण त्याशिवाय पुढची घाई कळत नाही. आठ इंच बाय दहा इंचाच्या एकेका फिल्मवर चित्र घेणारा लाकडी पेटीवजा कॅमेरा. आधी तिकाटणं उभं करायचं. त्यावर कॅमेरा कसायचा. भिंग लावायचं, त्याचं भिंग तुकडे बदलून वेगवेगळी लांबी देणारं होतं, तेव्हा हव्या लांबीसाठी तुकडे काढाघाला करायचे. गडद पिवळा फिल्टर लावायचा. मग काळ्या कापडात डोकं खुपसून दुधी काचेवर उलटं दिसणारं गाव नीट फोकस करायचं. आमच्या गावच्या स्टुडिओत लग्नाच्या ग्रुप फोटोला असलाच कॅमेरा निघायचा, आणि सगळी वऱ्हाडी मंडळी बसून, उठून, पुन्हा बसेपर्यंत स्टुडिओवाले काका त्या कापडाखालून बाहेर यायचे नाहीत. ॲडम्सला मावळतीच्या सूर्याशी स्पर्धा करत हे करायचं होतं. तो ओरडून ओरडून त्या दोघांकडे सामान मागत होता.

सगळं लागलं. आणि एक्स्पोजर मीटर सापडेना.

एक्स्पोजर मीटर म्हणजे उजेड मोजायचं यंत्र. आज ते कॅमेऱ्याच्या, मोबाइलच्या पोटातच असतं, म्हणून त्याची आठवणही येत नाही. तेव्हा ते वेगळं, हातात धरायचं. त्यावाचून अंदाजपंचे उजेड दिला तर एवढी मोठी फिल्म वाया. इथे बहुतेकांनी काय केलं असतं? दोनतीन वेगवेगळ्या अंदाजांनी दोनतीन फिल्मा मारल्या असत्या. ॲडम्सच्याही मनात ते आलंच होतं. तेवढ्यात त्याला आठवलं, की समोरच्या एका वस्तूचा उजेड आपल्याला पाठ आहे. चंद्राचा.

हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. कोजागिरीला गच्चीवरून चंद्राचा फोटो काढायचा प्रयत्न प्रत्येकाने केलाय, मीही. दूध आटतंय, चंद्र झकास, आणि फोटोत येतो तो एक पांढराफटक ठिपका, ट्यूबलाइटसारखा. कारण कॅमेरा सभोवतालचा अंधार बघून घाबरतो आणि भरपूर उजेड आत घेतो. वास्तविक चंद्र अंधारातली वस्तू नाहीच. त्याच्यावर भर दुपारचं ऊन पडलेलं असतं. आपण अंधारात उभे असतो, तो नसतो. उन्हात पडलेल्या राखाडी दगडाचा फोटो काढावा तसा त्याचा काढायचा. हा दगड किती उजळ दिसतो याचा आकडा ॲडम्सच्या डोक्यात होता: दर चौरस फुटाला २५० कँडल.

पुढचा हिशेब त्याने उभ्या उभ्या केला. फ्रेड आर्चर नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने वर्षदोन वर्षांपूर्वीच लॉस एंजेलिसला शिकवताना एक पद्धत बसवली होती, झोन सिस्टिम. ठार काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या, प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट. मधली पाचवी पायरी म्हणजे मध्यम राखाडी. कुठली वस्तू कुठल्या पायरीवर बसवायची ते फोटो काढणाऱ्याने ठरवायचं, बाकीच्या वस्तू मग आपोआप आपापल्या पायरीवर जातात. चंद्र त्याने सातव्या पायरीवर बसवला: उजळ, पण अंगावरचे डाग पुसले जाणार नाहीत इतपत. सातवर २५०, तर सहावर सव्वाशे, पाचवर साधारण साठ. पाचवीचा आकडा मिळाला की काम झालं. ठोकताळा असा: फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेड किती भराभर टिपते तो आकडा, त्याचं वर्गमूळ घ्यायचं; भिंगाचं तोंड त्या एफ-आकड्यावर ठेवलं की पाचवीचा आकडा हाच सेकंदाचा भाग. इथे फिल्मचा वेग ६४, त्याचं वर्गमूळ आठ. म्हणून एफ ८ ला सेकंदाचा साठावा भाग. पिवळा फिल्टर उजेड खातो, तिप्पट द्यायला हवा, म्हणजे विसावा भाग. पण जवळच्या झुडपापासून डोंगरापर्यंत सगळं सुस्पष्ट हवं तर भिंगाचं तोंड एफ ३२ पर्यंत आवळायचं. ते चार पायऱ्या खाली, म्हणजे सोळापट वेळ. विसाला सोळा. जवळजवळ एक सेकंद.

एक सेकंद उजेड दिला. लगेच होल्डर उलटा केला, कारण होल्डरच्या दोन्ही बाजूंना फिल्म असते आणि एकच निगेटिव्ह ठेवायला त्याचं मन धजत नव्हतं. दुसऱ्या बाजूची पट्टी ओढेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं. दुसरा फोटो झाला नाही.

या प्रसंगाला लोक नशीब म्हणतात. ऊन क्रूसांवर पडलं हे नशीब, मान्य. पण मला वाटतं खरं नशीब होतं मीटर न सापडणं. मीटर हाती असतं तर ॲडम्ससारखा काटेकोर माणूस चंद्र मोजता, ढग मोजता, मग पुढची झुडपं मोजता, आणि ऊन तोवर थांबलं नसतं. याला दुसरी बाजूही आहे आणि ती त्याला पुढे सात वर्षं छळणार होती. चंद्राचा उजेड पाठ होता. जमिनीचा नव्हता. पुढची झाडंझुडपं सावलीत किती बुडाली आहेत, याचा त्याला काही पत्ता नव्हता.

आता अंधाऱ्या खोलीत जाऊ. फोटोबद्दलची बहुतेक वर्णनं रस्त्यावरच थांबतात, ते मला पटत नाही.

अडचण अशी होती: चंद्राखालचे ढग चंद्राहूनही उजळ, आणि पुढची जमीन अंधारलेली. फिल्म नेहमीसारखी धुतली तर जमिनीत काहीच उमटणार नाही. जास्त वेळ धुतली तर ढग जळून जातील. ॲडम्सने पाण्याचा उपाय केला. डी-२३ नावाचं साधं डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, त्यात फिल्म अर्धा मिनिट. मग साध्या पाण्यात दोन मिनिटं, अजिबात न हलवता. पुन्हा डेव्हलपर, पुन्हा पाणी. असं दहा वेळा. पंचवीस मिनिटं एका फिल्मसाठी, काळोखात. यातली युक्ती सोपी आहे. फिल्मच्या थराने जेवढं डेव्हलपर शोषलं असेल तेवढंच पाण्यात काम करत राहतं. ढगांच्या जागी ते भराभर खर्च होऊन संपतं, सावलीच्या जागी काम थोडं असल्याने पुरत राहतं. उजळ भाग थांबतो, अंधारा भाग पुढे सरकतो.

तरी जमीन पातळच राहिली. निगेटिव्हमध्ये पातळ म्हणजे प्रिंटमध्ये काळं. ॲडम्सला ही निगेटिव्ह छापताना दरवेळी जिकिरीचं व्हायचं. तरीही फोटो बाहेर पडला होता. एडवर्ड स्टायकेन या नामवंत फोटोग्राफरने तो ‘यू. एस. कॅमेरा’च्या १९४३च्या वार्षिक अंकासाठी निवडला. त्या सुरुवातीच्या प्रिंट बघितल्या की चकित व्हायला होतं. आकाश मधल्या राखाडी रंगाचं. चंद्राच्या वर ढगांचे बारीक पांढुरके ओरखडे. संध्याकाळ वाटते, प्रसन्न, आणि थोडी साधी. रस्त्यावर उभं राहिलं असतं तर जवळपास असंच दिसलं असतं.

१९४८ साली ॲडम्सने धाडस केलं. एकुलती एक निगेटिव्ह परत रसायनात घातली. आधी पुन्हा फिक्स केली, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनातून काढली, आणि पाण्याने धुतली. मग क्षितिजाच्या खालचा भाग तेवढा इंटेन्सिफायरच्या, म्हणजे चित्र दाट करणाऱ्या रसायनाच्या, पातळ द्रावणात बुडवायचा, बाहेर काढायचा, बुडवायचा, काढायचा, सतत हलता ठेवायचा, म्हणजे कडेला रेघ उमटत नाही. मिनिटभर झालं की पाण्यात. पुन्हा द्रावणात. जमिनीत हवा तेवढा दाटपणा येईपर्यंत. हात चुकला असता, द्रावण डोंगराच्या वर चढलं असतं, तर संपलं.

हे वाचताना मला पुन्हा आमचे स्टुडिओवाले काका आठवतात. उतरत्या मेजावर काचेखाली निगेटिव्ह, मागून उजेड, हातात सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल. नवऱ्या मुलीच्या डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळावर ते अलगद गिरवत बसायचे. निगेटिव्हवर शिसं चढलं की तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर तो भाग उजळतो. ‘पोरीला जरा झोप दिली,’ म्हणायचे. ॲडम्सने हर्नांडेझच्या जमिनीला हेच केलं, फक्त पेन्सिलीऐवजी चांदी चढवली.

इथे एक गंमत आहे. हाच ॲडम्स १९३२ साली एफ ६४ नावाच्या गटाच्या संस्थापकांत होता. फोटो चित्रासारखा धूसर करणाऱ्या, त्यावर ब्रश फिरवणाऱ्या लोकांविरुद्ध या मंडळींनी दंड थोपटले होते. फोटो स्वच्छ, टोकदार, भेसळ नसलेला हवा. मग हे बुडवाबुडवीचं काय? मला त्यात ढोंग दिसत नाही. कुठलीही गोष्ट त्याने आत आणली नाही, बाहेर काढली नाही. चंद्र होता तिथेच आहे, तेवढाच आहे. त्याने ठरवलं ते एवढंच, की काय किती उजळ आणि काय किती गडद. हल्लीचे काही मोबाइल चंद्र ओळखतात आणि भिंगाला न दिसलेले डाग स्वतःहून भरून देतात. रेघ ओढायची तर मी या दोहोंच्या मध्ये ओढेन. वर्गात यावर भांडणं होतात आणि ती मी मिटवत नाही.

जमीन सुधारली आणि मग आकाश मोकळं झालं, असं मी म्हणतो. आधी जमिनीसाठी प्रिंट फिकी ठेवावी लागायची आणि आकाश तिच्याबरोबर फिकं व्हायचं. आता ते दाबता येऊ लागलं. दाबणं म्हणजे एन्लार्जरखाली (निगेटिव्हमधून उजेड सोडून कागदावर मोठं चित्र पाडणारं यंत्र) कागदाच्या बाकी भागावर पुठ्ठा धरून आकाशाला जास्तीचा उजेड द्यायचा, त्याला बर्निंग म्हणतात; आणि जो भाग उजळ राहायला हवा त्यावर तेवढ्यापुरती हाताची किंवा तारेला लावलेल्या पुठ्ठ्याची सावली धरायची, ते डॉजिंग. हात थरथरत ठेवावा लागतो, नाहीतर पुठ्ठ्याची कडा कागदावर दिसते. प्रत्येक प्रिंटला हा सगळा नाच पहिल्यापासून. फोटोशॉपमध्ये त्या दोन खुणा आहेत ना, एक काळी चकती दांडीवर आणि एक चिमूट धरलेला हात, त्या याच कामाच्या.

हा फोटो त्याने आयुष्यात तेराशेच्या वर वेळा छापला असं सांगतात. प्रत्येक वेळी हातांनी, म्हणून कुठल्याही दोन प्रिंट तंतोतंत सारख्या नाहीत. आणि वर्षं गेली तसं आकाश काळं होत गेलं. चाळिशीच्या दशकातलं राखाडी, पन्नाशीत गडद, सत्तरीत जवळजवळ शाईसारखं. ओरखड्यासारखे ते ढग एकेक करून बुडाले. पियानो शिकलेला माणूस, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वररचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन अशी उपमा तो देत असे. आपल्याला बंदिशीचं उदाहरण जास्त जवळचं. अस्ताई-अंतरा तोच, पण गवई पंचविशीत गातो तेव्हा ताना असतात, आणि सत्तरीत तोच एका स्वरावर बसून राहतो.

काळ्या आकाशाची ओढ त्याला नवी नव्हती. १९२७च्या एप्रिलमध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्यासमोर तो उभा होता, जवळ काचेच्या दोनच प्लेटा उरलेल्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून काढली आणि लगेच लक्षात आलं, की कडा येईल, पण त्याच्याखाली उभं राहून छातीत जे होतंय ते येणार नाही. शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा उजेड अडवते, आकाश काळं पडतं. फोटो काढण्याआधी तयार प्रिंट डोळ्यांपुढे दिसणं, हे पहिल्यांदा तिथे घडलं असं तो पुढे सांगत राहिला. हर्नांडेझला भिंगाचे तुकडे आणि मीटर यांतच वेळ गेला. तेव्हा मला वाटतं असं, की १९४१ साली कॅमेऱ्यात राहून गेलेलं काळं त्याने पुढे अंधाऱ्या खोलीत भरून काढलं.

एवढ्या बारीकसारीक नोंदी ठेवणाऱ्या माणसाला या फोटोची तारीख मात्र कधी नीट सांगता आली नाही. १९४० ते १९४४, काय वाटेल ते लिहायचा. शेवटी चंद्रच कामी आला. फोटोतली चंद्राची जागा आणि गावाची जागा यांवरून कोलोराडोतल्या बोल्डरच्या वेधशाळेतल्या डेव्हिड एल्मोर यांनी ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली. १९९१ साली डेनिस डी चिको यांनी तो हिशेब पुन्हा घातला, प्रत्यक्ष हर्नांडेझला जाऊन कॅमेऱ्याची जागा शोधली, आणि तारीख एका दिवसाने पुढे सरकली. सुरुवातीला दिलेली वेळ त्यांची. ॲडम्स तोवर नव्हता, १९८४ सालीच गेला.

बाजाराचं थोडक्यात सांगतो. १९८१ साली एक प्रिंट ७१,५०० डॉलरना गेली. २००६च्या लिलावात १९४८ साली छापलेली एक प्रिंट ६,०९,६०० डॉलरना. म्हणजे निगेटिव्हची जमीन सुधारली त्या वर्षातली.

वर्गाच्या शेवटच्या दिवशी मी दोन प्रिंट शेजारी लावतो, एक अगदी सुरुवातीची, एक सत्तरच्या दशकातली. मुलं एकजात काळ्या आकाशाकडे जातात. माझं मत त्यांच्यासारखं नाही. शेवटच्या प्रिंटमध्ये आकाश इतकं दाबलंय की ते चंद्राच्या मागे आहे असं वाटत नाही, कागदाला टांगल्यासारखं वाटतं. मला मधली आवडते, पन्नाशीतली. तीत आकाश गडद आहे, पण फार जवळून बघितलं तर एखादा ढग बुडता बुडता दिसतो. गेल्या खेपेला एका मुलाने विचारलं, ‘सर, मग ते वरचे ढग गेले कुठे?’ कुठेच नाहीत गेले. ॲडम्सचा सगळा संग्रह ॲरिझोनातल्या टूसॉनच्या विद्यापीठात सांभाळून ठेवलाय, निगेटिव्हही तिथेच. त्याने चांदी चढवली ती क्षितिजाच्या खाली. वरच्या भागाला हात लावला नाही. ढग त्यात जसेच्या तसे आहेत.